बाईंनी मला शाळेबाहेर पाठवलं

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिही असा मेसेज आला आणि मी लगेच हो म्हटलं, पण लिहायला बसले तर शाळा म्हटल्यावर मला शास्त्राच्या बाईच आठवायला लागल्या, बाकीच्या शिक्षकांनी कृपया राग मानू नये. त्यांचं नाव लिहीत नाही, आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं तरी कोण ते कळतं.

मी रेल्वे कॉलनीतली. वडिलांच्या बदलीमुळे पाचवीत मिरजेला आले आणि बघते तर वर्गात कुणी घरी कन्नड बोलणारं, कुणी दखनी, कुणाचे वडील मिशन हॉस्पिटलात. बाई दर सोमवारी आमच्या जागा बदलायच्या, मैत्रिणीशेजारी बसायचा हट्ट चालायचाच नाही. आज मी तंबोरे बनवते, माझं निम्मं बोलणं दखनीत चालतं, धारवाडकडच्या गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये बोलते, ते सगळं त्या बाकांवर शिकलेलं आहे, कुठल्या क्लासला गेले नव्हते.

आता तंबोऱ्याची गोष्ट. प्रार्थनेला बाई स्वतः तंबोरा घेऊन बसायच्या हे जुन्यांना माहीतच आहे. मी नववीत असताना त्याचा आवाज एकदम दबला, तार छेडली की नुसती टक्क वाजायची. बाईंनी मला आणि अजून एकीला बोलावलं आणि म्हणाल्या, "सतारमेकर गल्लीत घेऊन जा, आणि नुसता टाकून येऊ नका गं, तिथं बसून बघा काय करतात ते." तास बुडवून! तिथल्या तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी तारा सैल केल्या, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढली, कानशीनं अगदी हलक्या हातानं घासली, परत बसवली, तार छेडली, मान हलवली, परत काढली, असं दुपारभर चाललं. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, इकडे केसभर, तिकडे केसभर, आणि एका जागी तो आवाज असा उघडला की माझ्या अंगावर काटाच आला. जवारी लागली म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी धडा बाजूला ठेवून आम्हाला तंबोराच शिकवला. तार बरोब्बर मध्यावर छेडली तर मूळ सुरात मिसळलेल्या ज्या वरच्या सुरांचा, म्हणजे स्वरांशांचा, स्थिर बिंदू तिथं असतो ते ऐकू येता कामा नयेत असा नियम आहे, पण तंबोऱ्यात ते येतात, कारण घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलसर असतो आणि तार त्याला घासत कंप पावते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलंय, हे मला बाईंनी नववीत सांगितलं. पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणीही सांगितलं नाही.

बाईंच्या घरी रोजची पूजा चुकत नसे आणि उरुसात त्या आम्हाला मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला न्यायच्या, चिंचेच्या झाडाखाली. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली प्रवासात एका छोट्या स्टेशनवर उतरले, तब्येत बिघडलेली, तरी तंबोरा लावून घेतला आणि गातागाताच गेले, त्यांना आणून इथंच दफन केलं, हे त्या अशा सांगायच्या की पोरं चिडीचूप व्हायची. माझी श्रद्धा म्हणाल तर ती त्या झाडाखाली तयार झाली. आमच्या तंबोऱ्यांना लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कानस हातात घेताना चाचा बिस्मिल्ला म्हणतात, मी पांडुरंगाचं नाव घेते, आणि दोघंही त्याच घोडीवर वाकतो.

चाकणची नोकरी सोडून मी चाचांकडे शिकायला बसले तेव्हा घरात जो गोंधळ झाला त्यावर दोन पानं वेगळी लागतील. मुलगी इंजिनिअर झाली आणि आता भोपळे कोरणार का, असं नातेवाईक तोंडावर विचारायचे. तेव्हा बाई, रिटायर झालेल्या, गुडघे दुखत असताना आमच्या घरी आल्या आणि बाबांना सांगितलं की मिरजेची ही वाद्यं ज्यांनी सुरू केली ते मुळात शिकलगार, तलवारींना धार लावणारे लोक, हत्यारांचं काम संपत आलं तेव्हा 19व्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले, त्यांना जमलं तर हिला का नाही जमणार? बाबा काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी स्वतः मला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला आले.

आज माझ्या हातचे तंबोरे पुण्या-मुंबईच्या गायकांकडे आहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पहिला फोन बाईंना केला, त्यांनी "जवारी कोण लावतंय आता?" एवढंच विचारलं, मी लावते म्हटलं, बराच वेळ हसत होत्या.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. गेल्या वर्षी शाळेत आले तर प्रार्थना स्पीकरवर लागलेली आणि मागे मोबाईलमधला तंबोरा. मुलं उभी राहतात, आवाज येतो, संपतो. आपला तंबोरा स्टाफरूमच्या कपाटावर आहे, एक खुंटी तुटलीय, भोपळ्याला चीर आहे पण बुजवता येईल, मी उचलून बघितलाय. कार्यक्रमाच्या आधी तो माझ्याकडे पाठवा. पैसे घेणार नाही. फक्त शिपायाबरोबर नको, नववीतल्या दोन मुली पाठवा आणि त्या दिवशी त्यांचे दुपारचे तास माफ करा, कारण घोडी नवीन बसवावी लागेल आणि त्याला वेळ लागतो.