पॅड बदलले, तरी ब्रेक ओरडतच होते

मी खानापूरला राहते आणि बेळगावच्या शाळेत शिकवते. रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. गाडी २००७ची. दादा पुण्याला गेला तेव्हा माझ्याकडे ठेवून गेला. यंदा फेब्रुवारीत तिचे ब्रेक ओरडायला लागले. जोरात दाबले की गप्प, पण टिळकवाडीच्या रेल्वे गेटला रांगेत सरकताना नुसता पाय टेकवला तरी अशी किंचाळी, की पुढचा स्कूटरवाला दचकून मागे बघायचा.

जवळच्या गॅरेजमध्ये गेले. 'पॅड संपलेत' म्हणाले. पॅड म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, डिस्कला, दोन्हीकडून दाबून गाडी थांबवणाऱ्या वड्या. पुढचे पॅड बदलले, आवाज गेला. जूनच्या पहिल्या पावसात तो परत आला. आता उत्तर मिळालं, 'पावसात होतंच.' हे अर्धं खरं आहे. ओल्या हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो, आणि सकाळी चार-पाचदा ब्रेक दाबले की तो घासून निघून जातो. माझा आवाज मात्र शाळेच्या फाटकापर्यंत सोबत यायचा. मला राग आला तो पैशांचा नव्हता. महिन्याभरात आईला घेऊन चोर्ला घाटातून गोव्यातल्या साखळीला जायचं होतं, आणि ज्या ब्रेकचं दुखणं कुणी बघितलंच नाही, त्यांच्या भरवशावर घाट उतरायचा कसा?

उद्यमबागेत एक वयस्कर मिस्त्री आहेत, पूर्वी लेथवर काम केलेले. मी विचारलं, "मामा, परत पॅड बदलायचे काय?"

"आदी आवाज कुठनं येतोय ते बघूया की ताई. न बघता काय काय म्हणून बदलायचं?"

काचा खाली करून एका कारखान्याच्या कंपाउंडच्या भिंतीलगत त्यांनी मला हळू गाडी चालवायला लावली. भिंतीवर आपटून आवाज परत येतो, त्यामुळे बाजू कळते. आधी डावी बाजू भिंतीकडे, मग वळून उजवी. डावीकडून आवाज स्पष्ट होता. मग अगदी कमी वेगात हँडब्रेक थोडा ओढायला सांगितला. माझ्या गाडीत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. आवाज आला नाही, म्हणजे मागचे ब्रेक संशयातून सुटले. शेवटी त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांजवळ उलटा हात धरला. डावं चाक जास्त तापलेलं होतं.

मागच्या चाकांना अडण लावून गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड दिला, चाक काढलं. तीनच महिन्यांपूर्वीचे ते पॅड त्यांनी माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरचा जवळजवळ नवा, आतला निम्मा झिजलेला. मग त्यांनी कॅलिपरची खालची पिन दाखवली. कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा. वरच्या आणि खालच्या अशा दोन पिनांवर तो मागेपुढे सरकतो आणि दोन्ही पॅड सारखे दाबतो. खालच्या पिनेचं रबरी बूट, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं टोपण, फाटलं होतं. आत आमच्या खानापूरकडची तांबडी माती आणि सुकलेलं ग्रीस मिळून वीट झाली होती. पिन हलेना. कॅलिपर सरकत नसल्यामुळे आतलाच पॅड कायम डिस्कला टेकलेला राहायचा.

आवाज कसा होतो ते मला फळ्यामुळे लगेच कळलं. खडू एका कोनात धरला की किंचाळतो, थोडा तिरका केला की गप्प. पॅडही तसाच डिस्कवर अडकत-सुटत थरथरतो.

पिन सोडवायला अर्धा तास गेला. हाताखालचा पोरगा घाई करायला लागला की मामा कन्नडमध्ये "सोल्प तडी", म्हणजे जरा थांब, म्हणायचे. पॉलिश पेपरने पिन चकचकीत केली, नवीन बूट घातलं, सिलिकॉन ग्रीस लावलं. "साधं ग्रीस घातलं की रबर फुगतंय," म्हणाले. कॅलिपर तारेने बांधून ठेवला होता, ब्रेकच्या नळीवर लोंबू दिला नाही. डिस्क मायक्रोमीटरने मोजली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती जाड भरली, म्हणून बदलली नाही. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे नवीन घातले, कारण एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढू शकते. उजवीकडच्या पिनाही साफ केल्या.

मी किल्ली फिरवणार तेवढ्यात मामांनी हात आडवा केला. पॅड बसवताना त्याला दाबणारा कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा मारून मगच गाडी हलवायची. त्या दिवशी मी तशीच निघाले असते तर समोरच्या गटारात गेले असते.

पिरनवाडीच्या पुढे मोकळा रस्ता बघून पन्नासच्या वेगावरून दहावर, पूर्ण न थांबता, वीसेकदा ब्रेक लावले. मध्ये थोडी थोडी गाडी पळवून ते गार होऊ दिले. त्याने पॅड डिस्कला बसतात.

आषाढात आईला घेऊन निघाले. कणकुंबीला धुकं इतकं होतं की बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. चोर्ल्याचा उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेक लागेल तेवढाच लावला. खाली चहाला थांबल्यावर आधी पुढच्या दोन्ही चाकांजवळ उलटा हात धरला. सारखीच गरम होती. मागून आई म्हणाली, "अगं, पोळशील की!"