दोन क्लिकवरचे मार्क

मे महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात वाजलेले, ओहायोत अजून स्वेटर लागत होता, आणि फोनवर इंदूरहून मामेभाऊ. तिकडे संध्याकाळचे पाच, म्हणजे स्वारी दुकानात. मागून स्कूटरचे हॉर्न आणि कुणाचं तरी "भिया, छुट्टा नहीं है" ऐकू येत होतं.

"ताई, एक काम होतं. छोटंसंच आहे."

त्याचा मुलगा आमच्याच विद्यापीठात शिकतो, दुसऱ्या वर्षाला. मी त्याच विद्यापीठाच्या रजिस्ट्रार ऑफिसात गेली चौदा वर्षं नोकरी करते. आपल्याकडे कॉलेजात खिडकीमागे 'बाबू' बसतात नं, तेच काम, फक्त इथे खिडकीच्या जागी कॉम्प्युटर आहे. प्रवेशापासून डिग्रीपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याची प्रत्येक नोंद आमच्याकडे असते. पोरगा आठवडाभर धड बोलत नव्हता, रिझल्टचं विचारलं की "हो बाबा, बघतो" म्हणून फोन ठेवत होता. तेव्हा बापाने साधा हिशोब केला. ताई तिथंच बसते, ताईला विचारू.

"जरा बघून सांग नं. बाहेरच्या कुणाचं थोडंच आहे, घरातलंच तर आहे."

"नाही रे, मला सांगता येत नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतेय.

मग पुढची वीस मिनिटं मी त्याला जे समजावलं ते इथेही लिहिते, कारण हा फोन काही पहिला नव्हता. दर सेमिस्टरच्या शेवटी इंदूरहून, पुण्याहून, एकदा तर उज्जैनहून, ओळखीच्या ओळखीतून असे फोन येतात.

अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला. फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी ॲक्ट हे पूर्ण नाव, ऑफिसात सगळे 'फर्पा' म्हणतात. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो मांडला, म्हणून जुनी माणसं त्याला बकली दुरुस्ती म्हणतात. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली २१ ऑगस्टला. आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन वॉटरगेटच्या हेरगिरी प्रकरणात राजीनामा देऊन गेले त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. कुणी कुणाच्या फायली ठेवाव्यात आणि त्या कुणी वाचाव्यात, याबद्दल त्या उन्हाळ्यात अख्खा देश बोलत असणार. शाळा मुलांच्या फायली ठेवत, त्यात शिक्षकांचे वाट्टेल ते शेरे असत. ते आईबापांना बघायला मिळतीलच असं नव्हतं, बाहेरच्यांच्या हाती मात्र पडत. कायद्याने ते उलटं केलं. पालकांना फाइल बघायचा हक्क दिला, चूक असेल तर दुरुस्ती मागायचा दिला आणि त्यांच्या संमतीशिवाय ती बाहेर द्यायला बंदी घातली. न पाळणाऱ्या संस्थेचा केंद्राचा पैसा बंद होऊ शकतो, त्यामुळे सरकारी काय, खाजगी काय, जवळपास प्रत्येक विद्यापीठ त्यात येतं.

म्हणजे मुळात हा कायदा आईबापांच्याच बाजूचा. मेन बात पुढे आहे. मूल अठरा वर्षांचं झालं, किंवा त्याने कॉलेजात पाऊल टाकलं, की हे सगळे हक्क पालकांकडून उठून मुलाकडे जातात. सोळाव्या वर्षी कॉलेजात आला असेल तरी. त्या दिवसापासून त्याचे मार्क, हजेरी, शिस्तीची नोटीस, फीची बाकी, सगळं त्याचं. आईबाप बाहेरचे.

"बाहेरचे?" भावाचा आवाज चढला. "फी मी भरतो. घर गहाण आहे माझं. आणि मी बाहेरचा?"

फी कोण भरतो हे कायदा विचारतच नाही. एक पळवाट आहे, पण ती अमेरिकन बापांसाठी. मुलगा आयकराच्या कागदांवर आपल्यावर अवलंबून आहे असं पालकांनी दाखवलं असेल, तर विद्यापीठ त्यांना माहिती देऊ शकतं. 'देऊ शकतं' म्हणजे तेही बंधन नाही, आणि बरीच विद्यापीठं तरीसुद्धा म्हणतात, मुलाची सही आणा. इंदुरात टॅक्स भरणाऱ्या माणसाला ती वाट नाहीच.

आणि गंमत म्हणजे, परदेशी विद्यार्थ्याबद्दल काही गोष्टी आम्हाला अमेरिकन सरकारला कळवाव्याच लागतात. एफ-१ व्हिसावरचा पदवीचा मुलगा परवानगीशिवाय बारा क्रेडिटच्या खाली गेला, किंवा त्याने कॉलेज सोडलं, की सेव्हिस नावाच्या सिस्टीममध्ये ती नोंद होते. हे मी भावाला सांगायला नको होतं.

"वा! म्हणजे त्यांच्या सरकारला कळतं. बापाला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मी त्याला एवढंच विचारलं, पोरगा फोन उचलतोय नं? जेवतोय, झोपतोय? रूममेटशी बोलणं झालं का? कारण जिवाला धोका असण्याची खरी शंका असेल तर कायदा आडवा येत नाही. त्या वेळी विद्यापीठ पालकांना कळवू शकतं, दारावर माणूसही पाठवतं. तसं काही नव्हतं. पोरगा फक्त गप्प होता. विसाव्या वर्षी आम्ही कुठे बोलत होतो?

फोन ठेवल्यावर ऑफिसात गेले. खरं सांगायचं तर सकाळभर माझं बोट शिवशिवत होतं. त्याचं नाव टाकायचं, एंटर मारायचं, 'ट्रान्सक्रिप्ट'वर टिचकी. दोन क्लिक. मला तेवढे अधिकार आहेत. पण ऑफिसातल्या माणसानेही कामापुरतीच नोंद उघडायची असा नियम आहे, आणि मामेभावाचा जीव टांगणीला लागलाय हे माझं ऑफिसचं काम नाही. शिवाय कुणी काय उघडलं याची नोंद आमच्या सिस्टीममध्ये राहते. पण त्या भीतीने मी थांबले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल.

इंदुरात वाढलेल्या माणसाला हे सगळं किती विचित्र वाटतं ते मला माहीत आहे. आमच्या लोकमान्य नगरात बोर्डाचा रिझल्ट म्हणजे सार्वजनिक उत्सव. पेपरात रोल नंबर छापून यायचे, पहिल्या श्रेणीचे वेगळे, दुसरीचे वेगळे, आणि पूरकवाल्यांचेही. समोरच्या काकांकडे गल्लीतल्या सगळ्या पोरांचे रोल नंबर लिहिलेला कागद असायचा. ते चष्मा लावून, पेन्सिलीने टिक करत बसायचे, आणि आम्ही दात घासून येईपर्यंत कुणाला पूरक आली ते दूधवाल्यालाही माहीत. आता पेपर गेला, होर्डिंगं आली. मागच्या खेपेला भंवरकुआंच्या चौकात क्लासवाल्यांचे बोर्ड बघितले, पोरांचे पासपोर्ट साइझ चेहरे, खाली रँक. चेहऱ्यांखाली 'संमती घेतली' असं कुठे असतं? निवडणुकीत उभी असल्यासारखी हसत होती बिचारी.

शाळेतसुद्धा तेच. बाई म्हणायच्या, "कॉपी बदला." (इंदुरात वहीला कॉपीच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) शेजारणीची कॉपी आपण तपासायची आणि मग हजेरीसारखे मार्क ओरडून सांगायचे. हे काही आपलंच वेड नाही हे मला इथे येऊन कळलं. ओक्लाहोमात ओवासो नावाच्या गावी एका आईने नेमक्या याच पद्धतीवर खटला भरला, आणि तो थेट सुप्रीम कोर्टात गेला. २००२ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की पोरांनी एकमेकांचे पेपर तपासले म्हणून फर्पा मोडत नाही. बाईंनी कागद गोळा करून मार्क आपल्या वहीत उतरवेपर्यंत तरी तो 'रेकॉर्ड' होत नाही. आमच्या चौथीतल्या बाई सुटल्या म्हणायच्या. प्राध्यापक मात्र सुटत नाहीत. तपासलेले पेपर केबिनबाहेर खुर्चीवर ठेवून 'आपापला घ्या' अशी चिठ्ठी लावणाऱ्या एका म्हाताऱ्या सरांना मीच दोनदा जाऊन गठ्ठा आत घ्यायला लावलंय.

पण मी थांबले त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते इंदूरचंच आहे.

अमेरिकेचे अर्ज भरत होते त्या वर्षी मला कॉलेजातून जुन्या मार्कशीटच्या नकला हव्या होत्या. ऑफिसातल्या बाबूजींनी कपाटावरून लाल कपड्यात बांधलेला एक बस्ता खाली घेतला, फुंकर मारली, गाठ सोडली आणि अख्खा ढीग माझ्यासमोर सरकवला. "इसी में होगी बेटा, ढूँढ लो." आणि ते चहाला गेले. माझ्या वर्गातल्या सगळ्यांचे कागद त्यात होते. टी.सी., जातीचे दाखले, कुणाचं वैद्यकीय सर्टिफिकेट. माझी मार्कशीट पाच मिनिटांत सापडली असती. मला पाऊण तास लागला, कारण मी एकेक कागद वाचत बसले.

त्यातच एक पत्र होतं. रेघी कागद, निळी शाई, मराठी वळणाचं हिंदी. माझ्याच बाकावर तीन वर्षं बसलेल्या मुलीच्या वडिलांनी प्राचार्यांना फी माफीसाठी लिहिलेलं. मिल बंद झाली आहे, दोन मुली शिकताहेत, मोठीचं लग्न मोडलं. 'प्रार्थी' लिहून खाली सही, आणि सहीच्या शेजारी शाईचा एक डाग. पत्रावर वर लाल पेनने एकच शब्द होता, 'अस्वीकृत'. ती माझ्याबरोबर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला यायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, मला भूकच नाही.

मी पत्र परत ढिगात घातलं, बाबूजी आले, मला शिक्का मिळाला. तिला मी हे कधीच सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात भेटलो तरी नाही. काय सांगणार?

या नोकरीच्या पहिल्याच दिवशी फर्पाचं ट्रेनिंग होतं. पडद्यावर 'एज्युकेशन रेकॉर्ड म्हणजे काय' याची व्याख्या आली आणि मला तो निळा डाग दिसला.

हा कायदा फार थोर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तो मोडला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः कोर्टात जाऊन भरपाई मागता येत नाही, तेही सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलं. फक्त केंद्राच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करायची. नाव, विषय, पदवी, मिळालेली बक्षिसं ही 'डिरेक्टरी'तली माहिती, मुलाने आधी नको म्हटलं नसेल तर विद्यापीठ कुणालाही देऊ शकतं. आणि आपली फाइल मागितली की पंचेचाळीस दिवसांच्या आत दाखवावी लागते खरी, पण २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांनी प्रवेशाच्या वेळचे आपल्याबद्दलचे शेरे याच कलमाखाली मागवले आणि इतरांनाही युक्ती सांगितली, तेव्हा काही ठिकाणी ते शेरे जपून ठेवणंच बंद झालं. बाबू लोक सगळीकडे हुशार.

आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात बघायचा हक्क भारताच्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात दिला. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. पण त्यात अठराच्या आतल्या मुलाची संमती आईबाप देतात, आणि अठरानंतरही आपल्या घरांत कोण विचारतं? माझ्या भावाने तर आजवर पोराचं ईमेल स्वतःच्या फोनवर उघडं ठेवलं होतं. पासवर्ड पोराने बदलला, तिथून हा सगळा घोळ.

रविवारी मी पोराला घरी बोलावलं. पोहे केले, वर इंदूरहून आणलेली शेव आणि जीरावण. जलेबीच्या जागी इथला डोनट, इलाज नाही. तिसऱ्या बशीला तो म्हणाला, "आत्या, तू बघितलंस का?"

"काय?"

"माझे मार्क."

"नाही."

त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. त्याला खरं वाटत नव्हतं हे उघड होतं. त्याचा काय दोष, तोही लोकमान्य नगरचाच. मग त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवायला लागला. मी म्हटलं, मला नको, बाबांना दाखव. नाहीतर एक फॉर्म असतो, त्यावर कुणाला, कोणती माहिती, कशासाठी, हे लिहून सही करायची. मग बाबांना थेट मिळेल, आणि नको वाटेल तेव्हा परत घेता येतो.

सोमवारी तो ऑफिसात आला. मी त्याचा फॉर्म हातात घेतला नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीकडे पाठवला. त्यामुळे त्यात त्याने काय भरलं ते मला बुधवारी सकाळी कळलं. साडेसातला, स्कूटरच्या हॉर्नसकट.

"ताई, मेल आला विद्यापीठाचा. लॉगिन पण झालं."

"अरे वा."

"फीची बाकी दिसतेय. होस्टेलचं बिल दिसतंय. दंड दिसतोय लायब्ररीचा, अठरा डॉलर." तो थांबला. "मार्क कुठे आहेत?"

"त्याने जेवढ्यावर खूण केली तेवढंच दिसणार."

"म्हणजे बिलं तेवढी माझी?"

मी काही बोलले नाही. मागे कुणीतरी पुन्हा सुट्ट्यावरून हुज्जत घालत होतं. भाऊ म्हणाला, "थांब, गिऱ्हाईक आहे," आणि फोन चालूच ठेवून गेला. मी चहा संपेपर्यंत त्याच्या दुकानातले आवाज ऐकत बसले.