रंग दिलेले हिरे आणि दुरुस्ती: माझा अनुभव

माझ्याकडे रंग दिलेल्या हिऱ्यांचे दोन दागिने आहेत, एक निळ्या खड्याची अंगठी आणि दुसरे गुलाबी खड्यांचे टॉप्स. हिरे खरे, रंग नंतर दिलेला, आणि हे घेतानाच स्पष्ट सांगितलं होतं त्यामुळे फसवणूक वगैरे काही नाही. पण तो रंग कुठल्या पद्धतीने दिलाय हे मी विचारलंच नाही आणि सगळा घोळ तिथेच झाला.

टॉप्स रोजच्या वापराने मंद दिसायला लागले होते. हिऱ्याला तेलकटपणा लगेच धरतो, क्रीम, साबण, केसांचं तेल सगळं मागच्या बाजूला जाऊन बसतं. म्हणून एका ठिकाणी साफ करायला दिले. त्यांनी साध्या हिऱ्याला करतात तेच केलं, आम्लात टाकलं, मग पॉलिशच्या चाकावर धरलं. परत आले तेव्हा सोनं चकचकीत, पण डावा खडा उजव्यापेक्षा फिका. आधी वाटलं उजेडाचा फरक असेल. मग घरी पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून भिंगातून बघितला तर मागून जिथे दोन पैलू मिळतात त्या कडांवरचा गुलाबी रंगच गेलेला, नुसत्या पांढऱ्या रेघा, आणि एका पैलूवर सुईच्या टोकाएवढे चार-पाच पांढरे ठिपके. ताईने घेऊन दिलेले टॉप्स होते, मला रडूच आलं.

ते घेऊन मी दुसऱ्या एका सोनारकाकांकडे गेले. त्यांनी भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, हे कोटिंग आहे, हिऱ्याला काही झालं नाही, वरचा थर गेला. हा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट. आपण हिरा म्हणजे सगळ्यात कठीण, मोह्स स्केलवर 10, असं धरून चालतो, पण तो कठीणपणा हिऱ्याचा असतो, त्याच्यावर चढवलेल्या रंगाचा नाही! आम्ल, पॉलिशचं चाक, टॉर्चची (म्हणजे सोनाराच्या ज्योतीची) आच, यातलं काहीही त्याला चालत नाही. वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुणंही नको म्हणाले. तेवढ्याच जागी रंग भरून द्याल का विचारलं तर तसं होत नाही. आता ते टॉप्स मी तसेच घालते, कानात असताना कुणाला कळतही नाही, मला मात्र कळतं.

मग अंगठीची भीती वाटायला लागली, कारण तिचा एक प्रॉन्ग, म्हणजे खडा धरून ठेवणारा आकडा, झिजून स्वेटरच्या धाग्यात अडकत होता, म्हणजे आज ना उद्या दुरुस्ती होतीच. यावेळी आधी कागद शोधले. रिपोर्टवर रंग ट्रीटमेंटचा असं लिहिलेलं आणि खड्याच्या कमरेवर, ज्याला गर्डल म्हणतात, लेझरने बारीक अक्षरात इरॅडिएटेड, म्हणजे रेडिएशनने रंग दिलेला, असं कोरलेलं. तेव्हा कळलं की जीआयएसारखी हिरे तपासणारी लॅब रेडिएशन आणि एचपीएचटीवाल्या हिऱ्यांना रिपोर्ट देते पण कोटिंगवाल्यांना देतच नाही, कारण तो रंग टिकाऊ धरला जात नाही. टॉप्सबरोबर असा रिपोर्ट नव्हता याचा अर्थ मला तेव्हा लागला. (एचपीएचटी म्हणजे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन बदललेला रंग, तो वापरात पक्का असतो.)

रेडिएशन शब्द वाचून घरात सगळे घाबरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम क्रुक्स यांनी रेडियममध्ये ठेवून हिरे हिरवे केले होते आणि ते हिरे खरोखर किरणोत्सारी राहिले, पण आता बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनचा मारा करून रंग देतात आणि त्यात खडा किरणोत्सारी होत नाही. तो रंग धुण्या-घासण्याने जात नाही. त्याला धोका आचेचा. निळा-हिरवा झालेला हिरा मुद्दाम तापवून पिवळा, नारिंगी किंवा तपकिरी करता येतो, ही रंग देण्याचीच पुढची पायरी आहे. म्हणजे प्रॉन्ग जोडताना खड्यावर टॉर्च फिरला तर तेच काम तिथल्या तिथे, कुणाच्याही मनात नसताना होऊन बसेल.

सोनारकाकांना रिपोर्ट दाखवला आणि म्हटलं, काका, खडा आत असताना ज्योत लावू नका. साधा हिरा असता तर बोरिक ॲसिडचा लेप देऊन आत ठेवूनच केलं असतं, पण याला काढूया, असं तेच म्हणाले. मी समोरच बसले होते. चिमट्याने एकेक प्रॉन्ग हळूच मागे वाकवला, खडा टपकन कागदावर पडला आणि कोंदणाच्या बाहेर इतका लहान दिसला की मी श्वास रोखून धरला. पुडीत बांधून बाजूला ठेवला. मग प्रॉन्गला नवीन टोक, आम्लातली सफाई, पॉलिश, व्हाइट गोल्डवर रोडियमचा मुलामा, हे सगळं रिकाम्या अंगठीवर, आणि सगळ्यात शेवटी खडा परत बसवला. आधी खिडकीजवळ फोटो काढून ठेवला होता, तिथेच उभं राहून ताडून बघितला, निळा तसाच्या तसा.

आता दोन्ही दागिने कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ ब्रशने धुते, टॉप्सना तर ब्रशही नाही, नुसतं बुडवून मऊ कापडाने टिपते. क्लोरीनच्या पाण्यात अंगठी नेत नाही, त्याने खड्यापेक्षा सोन्याचे सांधे खराब होतात. ठेवायला वेगवेगळ्या डब्या, कारण हिऱ्यावर ओरखडा हिराच काढतो. आणि प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घातलीये, एकीत 'कोटिंग आहे, आम्ल-पॉलिश नको', दुसरीत 'रेडिएशनचा रंग, खडा काढूनच टॉर्च लावा', म्हणजे पुढच्या वेळी दागिना घेऊन मी नाही, दुसरं कुणी गेलं तरी चालेल.