कोसा गाऊन: डावी चुणी अखेर सरळ पडली, उरले १९ दिवस

रंगमंचासाठी अठराव्या शतकातल्या धर्तीचा, पाठीवर मोकळ्या चुण्या सोडलेला गाऊन कोशाच्या (टसर रेशमाच्या) साड्यांतून शिवणं चाललंय. त्यात नऊ दिवस एका चुणीने खाल्ले. काल रात्री ती पहिल्यांदा सरळ खाली आली. रंगीत तालीम १९ दिवसांवर आहे आणि बाह्या अजून अंगाला लागलेल्या नाहीत.

आधी बाकीचं उरकून घेऊ. स्टे (आत घालायची ताठ काड्यांची चोळी) झाला, त्यात काड्या म्हणून ९ मिमीचे केबल टायच ठेवले. पॅनिएला (घागरा दोन्ही बाजूंना फुगवणाऱ्या कमरेच्या सांगाड्याला) मात्र तेच केबल टाय लेचेपेचे पडले, घागरा चढवला की कमरेचे दोन्ही फुगे खाली लोंबायचे. म्हणून बुरडाकडून बांबूच्या कमच्या आणल्या: १२ मिमी रुंद, ३ मिमी जाड. कडांना १२० नंबरचा सँडपेपर मारायचा, तासभर पाण्यात भिजवायच्या, उलट्या बादलीभोवती वाकवून बांधायच्या आणि रात्रभर तशाच सोडायच्या. सालीची बाजू बाहेर ठेवा. आत गेली तर गर ताणाखाली येतो, चिरा पडतात आणि चुया कापडातून वर डोकावतात. दोन कमच्या अशाच वाया गेल्या.

घागऱ्याची उंचीही जमली. करवतकाठी (काठाला करवतीसारखे दाते विणलेल्या) कोशाचा पन्हा ११५ सेमी. वरचा ६ सेमीचा काठ कापून काढला, १०९ उरले. पॅनिएवरून वळसा घेऊन कंबर ते घेराची कड बाजूला १०७ सेमी लागतात, पुढे-मागे १०० पुरतात. अठराव्या शतकातल्या घागऱ्यांची ही रीत आपल्या काठाच्या कापडाला फार सोयीची आहे. तिथे खालची कड सरळच राहते, चढउतार सगळा कमरेपाशी कापून साधतात. आधुनिक कळीदार घेराला हा काठ कधीच गोल वळला नसता. इथे तो जसा विणला तसा खाली बसला आणि २.८ मीटरची तुरपाई वाचली.

आता ती चुणी.

पाठीवर दोन दुहेरी बॉक्स चुण्या, गळ्यापाशी दोन्ही मिळून १९ सेमी रुंद, अस्तराला ११ सेमीपर्यंत उलटटीप, त्याखाली मोकळ्या. (त्यांना वाटो चुण्या म्हणतात खरं, पण चित्रकार वाटो १७२१ मध्ये वारला आणि हे नाव एकोणिसाव्या शतकात चिकटलं.) उजवी चुणी ओळंब्यासारखी सरळ. डावी नितंबापाशी फाकायची आणि जमिनीपाशी तिची आतली घडी अडीच सेमी वर उचललेली दिसायची.

पहिला संशय अस्तरावर. पाठीची नाडी आवळली की अस्तर वर चढतं आणि चुण्यांना ओढतं, हा नेहमीचा दोष. नाडी पूर्ण सैल केली, फरक शून्य. दुसरा संशय मांडणीवर. चुण्या टेबलावर सपाट मांडून टाचल्या की खांद्याच्या हाडांवर त्या उघडतातच. म्हणून स्टे चढवलेल्या पुतळ्यावर नव्याने मांडल्या, मधली रेघ ६ मिमी डावीकडे घेतली. दोन दिवस बरं दिसलं. मग घडी पक्की बसावी म्हणून वाफेची इस्त्री फिरवली आणि डावी पुन्हा फाकली, आधीपेक्षा जास्त. तिसऱ्यांदा तेच. प्रत्येक इस्त्रीनंतर दुखणं वाढतंय हे तिसऱ्या खेपेला ध्यानात यावं, याला काय म्हणावं!

कारण चुणीच्या पोटात होतं. उजव्या पाटाचा (पाठीच्या उभ्या तुकड्याचा) काठ बाह्यांच्या झालरीच्या चाचणीसाठी आधीच कापलेला होता. डाव्या पाटाचा ‘असू दे, आत दडेल’ म्हणून ठेवला होता. करवतकाठीत कापडाच्या अंगाचा उभा ताणा कोशाचा आणि काठाचा ताणा सुती, शिवाय काठ ठासून विणलेला. दोघांना वाफ सारखी मानवत नाही. खात्री करायला शिल्लक तुकड्यावर ५० सेमीच्या खुणा दोऱ्याने घातल्या आणि भरपूर वाफ दिली. कोसा ४९.७ वर आला, काठ ४८.९ वर. पाटाची लांबी १५५ सेमी, म्हणजे काठ अंगापेक्षा जवळपास अडीच सेमी जास्त आटणार. घडी नेमकी तेवढीच वर उचलली होती.

नवा पाट कापायला १.६ मीटर हवं. दोन साड्यांचे मिळून ११ मीटर होते, त्यातलं अर्धा मीटर शिल्लक आहे. म्हणजे दुरुस्ती जागच्या जागीच.

काठ नुसता कात्रीने कापू नका. काठाचा आडवा बाणा वेगळ्या धोट्याचा असतो आणि करवतीच्या दात्यांपाशी तो अंगाच्या बाण्यात अडकवलेला असतो. दात्यांलगत कात्री लागली की तो अडका सुटतो आणि दाते एकेक करून निसटतात. दात्यांच्या टोकांपासून १ सेमी कोसा सोडून रेशमी दोऱ्याने २ मिमीची उलटटीप घातली, तिच्या अंगाकडच्या बाजूला २ मिमीवर तशीच दुसरी. मग दोन टिपांच्या बरोबर मधून कात्री. दीड मीटर कापायला पूर्ण संध्याकाळ गेली, पण एक दाता सुटला नाही.

चुणीची जुनी टीप उसवताना उसवणी वापरली नाही. तिचं टोक कोशाच्या गाठाळ धाग्यात शिरलं की तो धागा तुटूनच येतो. बोथट सुईने दर चौथा टाका उचलून कापला आणि मागून दोरा ओढला. तरी भोकं राहिलीच, कोशात ती राहतातच. कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांवरून चमच्याची पाठ हलक्या हाताने फिरवली की बरीच मिटतात. पाणी शिंपडून मिटवायचा मोह आवरा. खळ असलेल्या कापडावर थेंब पडला की वाळताना त्याची कड उमटते, मग अख्खा पाट भिजवल्याशिवाय ती जात नाही.

आता दोन्ही चुण्या तिरक्या कच्च्या टाक्यांनी खालपर्यंत बांधून गाऊन ४८ तास टांगून ठेवलाय. इस्त्री फक्त कोरडी, मधे सुती फडकं. आणि घागऱ्याच्या घेराला अजिबात वाफ दाखवायची नाही. तिथे काठ आडवा धावतोय, कोशाच्या ०.६ आणि काठाच्या २.२ टक्क्यांच्या फरकाने २.८ मीटरचा घेर साडेचार सेमी आत ओढला जाईल आणि अंगाला सुरकुत्या पडतील. तो वाफेविना जगेल, घडी घालायचीच नाही त्याला.

हे लिहितानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. गाऊनच्या पुढच्या दोन्ही पाकळ्यांना काठ तसाच उभा ठेवलाय, ‘आयती किनार’ म्हणून मागच्या वेळी त्याचं कौतुकही झालं. तो पहिल्याच वाफेला तसाच ओढणार. म्हणजे तोही कापायचा. पण मग पुढच्या कडांची सजावट?

ठरलं होतं कोशाची कातरकडेची झालर. तिची चाचणी आधीच रडतखडत चालली होती. मुळात ती कातरकड घट्ट विणीच्या टॅफेटावर शोभते. कोसा सैल विणीचा, नागमोडी कात्रीने कापलेले दाते दोन दिवसांत मिशा सोडतात. आणि इथे हातात काठाच्या पट्ट्या पडल्यात, ज्यांचे दाते विणलेलेच आहेत! हिशेब असा: डावा पाट १.६, दोन पाकळ्या ३.२, घागऱ्याच्या वरचा २.८, एकूण ७.६ मीटर. आधी सगळ्या पट्ट्या वाफेवर आटवून घ्यायच्या, ते धरून ७.४ समजू. काठ कडक आहे, दुपटीच्या चुण्या त्याला झेपत नाहीत, खेळण्यातल्या पंख्यासारखा उभा राहतो. दीडपटीच्या सपाट बॉक्स चुण्या बसतात. पुढच्या कडा ३.१ मीटर, त्याला ४.६५ लागतील. उरलेले पावणेतीन बाह्यांना आणि स्टमकरला (छातीवरच्या त्रिकोणी तुकड्याला). दात्यांबाहेरचा १ सेमी कोसा मागे दुमडून दाते अगदी कडेवर आणायचे, जोड नेहमी चुणीच्या आतल्या घडीत.

दोऱ्याबद्दल एक तक्रार. नागपूरच्या इतवारी बाजारातून रेशीम म्हणून आलेल्या सहा रिळांपैकी चार रेशीम नव्हतीच. दोरा जाळून पाहा: रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. या चारांना कागद जळल्याचा वास आला, म्हणजे बहुधा व्हिस्कोस. ओला झाला की तो दोरा कमजोर होतो, आणि रंगमंचावर दिव्यांखाली घाम येणारच. ती रिळं कच्च्या टाक्यांना लावली. अस्तराला मात्र मेण लावलेला सुती दोरा झकास चालतोय. नागपूरच्या या कोरड्या हवेत बिनमेणाचा दोरा पिंजारतो आणि दर तिसऱ्या टाक्याला गाठ मारून घेतो. कोशावरच्या टिपांना मेण नको, इस्त्रीखाली वितळून डाग पडतो. सुई १० नंबरची आखूड, पोनी कंपनीची. ९ नंबरने भोकं दिसतात.

उरलेलं काम: उलटटीप तासाला एक मीटर, धावदोरा तीन मीटर या वेगाने बाह्यांना दोन संध्याकाळी. बाही आधी काखेतून आतून शिवायची, वरचा भाग अंगावर चुणून खांद्याच्या पट्टीखाली झाकायचा, म्हणून खांद्याची पट्टी अजून टाचलेलीच आहे. गाऊनची खालची कड ३.२ मीटर, एक संध्याकाळ, पण ४८ तासांची टांगणी संपल्यावरच मोजायची. काठाच्या झालरीला पाच दिवस धरलेत. उद्या उजव्या पाकळीचा काठ निघेल, तोवर डाव्या पाटाची पट्टी वाफेवर आटलेली असेल आणि तिच्यावर पहिल्या चार चुण्या टाचून दीडपट खरंच पुरते का ते कळेल.