कर्नलसाहेबांचा चष्मा

दुपारी लिफ्टमध्ये शिरले तर आत आधीच एक डिलिव्हरीवाला मुलगा उभा. हातात केएफसीची पिशवी, लिफ्टभर तळलेल्या कोंबडीचा वास, आणि माझी संकष्टी. वासावरून लक्ष काढायचं म्हणून पिशवीवरच्या म्हाताऱ्याकडे, कर्नल सँडर्सकडे, बघत राहिले. तीच पांढरी दाढी, तेच हसू, नाकावर चष्मा. मनात आलं, साहेब, चष्मा मिळाला वाटतं!

पुण्यात हे कुणाशी बोलायची सोय नाही. जपानात ओसाकाकडे शेंबड्या पोराला विचारा, तोही सांगेल की कर्नलसाहेबांचा चष्मा दोतोनबोरीच्या कालव्यात पडलाय आणि तो अजून सापडलेला नाही.

ह्यांच्या नोकरीपायी आम्ही काही वर्षं निशिनोमियात राहिलो. ओसाका आणि कोबे यांच्या मधलं हे गाव. गावात कोशिएनचं बेसबॉलचं मैदान आहे, 1924 सालचं, भिंतींवर वेल चढलेली. ते हानशिन टायगर्सचं घर. संघ 1935 चा, आणि मालक कोण, तर रेल्वे कंपनी. सामना असला की हानशिन लाइनच्या गाड्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अंगरख्यांनी भरून यायच्या. घरमालकीणबाई, त्यांना मी ओयासान म्हणे, सत्तरीच्या पुढच्या. भाडं द्यायला गेलं की चहा आणि चहाबरोबर टायगर्स. मला तेव्हा बेसबॉलमधलं काडीचं कळत नव्हतं. त्यामुळे त्यांना फार सोयीची श्रोती मिळाली.

त्यांच्या गोष्टी कधीच सरळ चालायच्या नाहीत. 1959 वरून एकदम 1973, तिथून मागे 1968. पण 59 ची गोष्ट दर काही दिवसांनी यायचीच. सम्राट हिरोहितो आयुष्यात पहिल्यांदा व्यावसायिक बेसबॉलचा सामना बघायला आले, 25 जून, टोकियोचं कोराकुएन मैदान. समोर योमिउरी जायंट्स, म्हणजे जन्माचे वैरी, राजधानीचे, पैसेवाले. नवव्या इनिंगला बरोबरी. टायगर्सचा पिचर, म्हणजे गोलंदाज, मुरायामा, त्याचं ते पहिलंच वर्ष, आणि जायंट्सच्या नागाशिमाने त्याला असा फटकावला की चेंडू थेट प्रेक्षकांत. सामना खलास. मुरायामा 1998 मध्ये गेला. जाईपर्यंत एकच म्हणत राहिला की तो चेंडू फाऊल होता, रेषेबाहेर गेला होता. ओयासानही तेच म्हणायच्या, तेही ताजी तक्रार असल्यासारख्या. हे वाक्य बोलताना त्या चहाचा पेला खाली ठेवत.

68 मधला एनात्सु मात्र मला स्वतःलाच आवडला. टायगर्सचा विशीतला डावखुरा पिचर. हंगामातल्या स्ट्राइकआउटचा, म्हणजे फलंदाजाला चेंडू मारूच न देता बाद करायचा, जुना विक्रम 353 चा. तो मोडायचा तर जायंट्सच्या साक्षात ओह सादाहारुला बाद करूनच मोडायचा, असं त्याने मनाशी धरलेलं. ओहला बाद केलंही, पण तेव्हा कळलं की ही नुसती बरोबरी झाली. आता ओहची पाळी परत यायला मधले सगळे फलंदाज जायला हवेत, आणि त्यांतला एकही स्ट्राइकआउट होता कामा नये. मग हा पठ्ठ्या प्रत्येकाला मारू देईल असा चेंडू टाकून झेलाबिलावर बाद करत बसला. ओह आला, 354 वा बळी झाला. वर बाराव्या इनिंगमध्ये बॅट हातात घेऊन विजयी फटकाही त्यानेच मारला, सामना 1-0. असला माज मला फार आवडतो. त्या हंगामाअखेर त्याचे 401 झाले.

आता कर्नलसाहेब. 16 ऑक्टोबर 1985. एकवीस वर्षांनी टायगर्सनी सेंट्रल लीग जिंकली, तीही टोकियोत 5-5 अशा बरोबरीवर. इकडे ओसाकात दोतोनबोरीच्या एबिसुबाशी पुलावर गर्दी लोटली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, गर्दीतला त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी पुढे यायचा आणि धपकन कालव्यात उडी. सगळे निभावले, पण रँडी बासचं नाव आलं आणि अडलं. तो ओक्लाहोमाचा दाढीवाला गोरा. त्या वर्षी त्याचे 54 होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखे फटके, आणि विक्रम ओहचाच, 55 चा. शेवटच्या सामन्यात समोर जायंट्स, त्यांचा मॅनेजर कोण, तर ओह, आणि त्याचे पिचर बासला मारण्याजोगा चेंडू म्हणून देईनात. तर असा हा बास, त्याच्यासारखा दिसणारा माणूस ओसाकाच्या गर्दीत कुठून आणायचा? जवळच केएफसीचं दुकान, दारात कर्नल सँडर्सचा माणसाएवढा पुतळा. दाढी आहे, गोरा आहे, चालतंय. उचलला आणि दिला फेकून.

त्या हंगामात टायगर्स जपान सिरीजही, म्हणजे दोन लीगमधल्या अव्वल संघांची अंतिम लढतही, जिंकले, सेइबू लायन्सला 4-2 ने हरवून. संघाच्या इतिहासातली पहिलीच. आणि मग सगळं फिसकटलं. 1987 ते 2001 या पंधरा हंगामांत दहा वेळा तळाला. 2003 मध्ये लीग जिंकले, जपान सिरीज सातव्या सामन्यात गेली. 2005 मध्ये पुन्हा लीग जिंकले आणि चिबा लोत्तेने चारही सामने घेतले, चारांची बेरीज 33-4. पहिला सामना तर धुक्यामुळे अर्ध्यातच थांबवला, तोवर 10-1 होऊन गेलं होतं. ओसाकात कुणालाही नुसतं तेहतीस-चार म्हणून बघा, चेहरा पडतो. कारण काय, तर कर्नलसाहेबांचा शाप. दुसरं असणार काय?

मला हे सगळं ऐकताना जराही नवल वाटायचं नाही. आमच्या घरात आत्या होती.

13 मार्च 1996. वर्ल्ड कपची सेमीफायनल, ईडन गार्डन, समोर श्रीलंका. आमच्या घरी टीव्हीच्या खोलीत जागा ठरलेल्या. जो जिथे बसलाय तिथून हलायचं नाही. काकांनी पोटाशी उशी धरलेली, ती तशीच. माझा एक पाय दुमडलेला, त्याला मुंग्या आलेल्या, पण सचिन साठीत होता, पाय मोकळा करायची काय बिशाद. आजीने गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेल्याचा वास आला, तरी आजी जागची हलली नाही. आणि तेवढ्यात आत्या ताटं घेऊन आत आली. म्हणाली, “चला रे, जेवून घ्या.” जयसूर्याचा चेंडू, कालुवितरणाने बेल्स उडवल्या, सचिन 65 वर यष्टिचीत. एकाला 98 वरून आठाला 120. मग ईडनवर बाटल्या, जाळपोळ, आणि ढसाढसा रडणारा कांबळी.

कुणी तिला काही बोललं नाही. काकांनी फक्त एकदा बघितलं. पण त्यानंतर मॅच असली की आत्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. दार लोटलेलं. आमच्या ओरडण्यावरून तिला कळायचं काय झालं ते, आणि चौकाराचा आणि सिक्सरचा ओरडा वेगळा असतो हे तिने मला सांगितलं होतं. क्रिकेट तिला आमच्यापेक्षा जास्त कळायचं, हे आता वाटतं. 2011 ची फायनलसुद्धा तिने तशीच ऐकली. जिंकल्यावर सगळ्यांनी तिला बाहेर ओढलं, पेढे भरवले, आणि काका म्हणाले, “ताई, तुझ्यामुळे जिंकलो गं.” यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, तिलाही नाही. चांगली खूश होती.

तर मार्च 2009. आम्ही तेव्हा तिथेच होतो. दोतोनबोरीच्या काठाने लाकडी पदपथ बांधायचं काम चाललेलं. पाणबुड्यांना गाळात काहीतरी लागलं, आधी वाटलं पिंप, मग वाटलं प्रेत. वर काढलं तर कर्नलसाहेब, कमरेपासून वरचे. दुसऱ्या दिवशी खालचा भाग सापडला. डावा हात नाही. चष्मा नाही. दिवसभर टीव्हीवर तेच. गाळाने काळा पडलेला म्हातारा, हसू मात्र शाबूत. ओयासाननी टीव्हीसमोर उभं राहून दोनदा टाळी वाजवली, मान लववली, देवळात करतात तसं. पुढे काही काळ साहेबांना कोशिएनजवळच्या दुकानात ठेवलं होतं. मी मुद्दाम बघून आले.

शाप उतरला म्हणावं तर 2014 ची जपान सिरीज पुन्हा गेली. ती तर अशी की शेवटच्या इनिंगला बेसेस भरलेल्या, सामना 1-0, आणि आपलाच धावणारा गडी रेषेच्या आतून पळाला, फेकीच्या आड आला, बाद, सिरीज संपली. आम्ही तोवर परत आलो होतो. नववर्षाच्या कार्डावर ओयासाननी लिहिलं होतं, चष्मा अजून खालीच आहे ना, त्यांना दिसणार कसं!

शेवटी 2023. मॅनेजर ओकादा, म्हणजे 85 च्या संघातलाच. 85 च्या एप्रिलमध्ये जायंट्सविरुद्ध बास, काकेफु आणि ओकादा यांनी लागोपाठ तीन होमरन मारले होते, त्यांतला तिसरा. हा माणूस हंगामभर ‘विजेतेपद’ हा शब्द तोंडातून काढेना. ‘ते’ म्हणायचा. आपल्याला ‘ते’ मिळवायचंय. अख्ख्या जपानने तो शब्द उचलला. घराबाहेर पडताना ‘येते’ म्हणणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. सप्टेंबरात ‘ते’ मिळालं आणि 5 नोव्हेंबरला ओरिक्स बफेलोजला सातव्या सामन्यात हरवून जपान सिरीजही. अडतीस वर्षांनी. पुलावर पोलीसच पोलीस. पुढच्या मार्चमध्ये केएफसी कंपनीने तो झिजलेला पुतळा रीतसर पूजा करून, वर साके शिंपडून निकालात काढला. चष्म्याचं कुणी नाव काढलं नाही.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगते, लोक हसतात. 85 मधली एक गोष्ट मात्र त्यात बसत नाही, म्हणून मी ती गाळते. ओयासाननी ती मला एकदाच सांगितली, दुसऱ्याच कुठल्या तरी बोलण्यात.

12 ऑगस्टला टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं 123 क्रमांकाचं विमान डोंगरात पडलं. 520 माणसं गेली. त्यांत टायगर्सचे अध्यक्ष नाकानो हाजिमु होते. संघ तेव्हा चुरशीच्या शर्यतीत होता, दोन महिन्यांनी लीग जिंकली, पुढच्याच महिन्यात सिरीज, आणि ते बघायला अध्यक्ष नव्हते. शापाच्या गोष्टीत हे कुणी घेत नाही. घेता येत नाही. विमान ऑगस्टमध्ये पडलं आणि पुतळा ऑक्टोबरमध्ये कालव्यात गेला. तोवर कुणी काहीच केलं नव्हतं. पुलावर कुणी चढलं नव्हतं, कुणी ताटं घेऊन खोलीत आलं नव्हतं. त्याच्या सात वर्षं आधी ओसाकाच्याच विमानतळावर त्या विमानाची शेपटी धावपट्टीला घासली होती. दुरुस्तीत विमानातली हवा दाबून धरणाऱ्या मागच्या भिंतीच्या जोडपट्टीला रिव्हेटांच्या दोन ओळी हव्या होत्या. एकीनेच काम भागवलं होतं.