आषाढीला पंढरपुरात खोली घेऊ नका : दशमी ते द्वादशी

यात्रेच्या दिवसांत पंढरपुरातून कोणी फोनवर "मंदिरापासून पाच मिनिटांवर" असे सांगितले, तर ती पाच मिनिटे कोणत्या वाहनाने आणि कोणत्या महिन्यातली, हे आधी विचारून घ्यावे. आम्ही विचारले नाही. २०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलै रोजी, नेमकी रविवारी आली. मी आणि माझी त्रेसष्ट वर्षांची मावशी शनिवारी, दशमीला दुपारी पोहोचलो. एका मध्यस्थामार्फत दोन रात्रींसाठी खोली घेतली होती, दर रात्रीला ६,५०० रुपये आणि निम्मी रक्कम आगाऊ. प्रत्यक्षात ती खोली इसबावीच्या बाजूला एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात प्लायवूडचे आडोसे उभारून केलेली होती. छत सामायिक असल्यामुळे शेजारच्या आडोशातील काकांचे घोरणे आणि पलीकडच्या कुटुंबाचा हिशेबावरून चाललेला वाद आम्हाला सारख्याच स्पष्टपणे ऐकू येत होता. गरम पाण्याच्या बादलीचे ८० रुपये वेगळे. यात्राकाळात गाड्या गावाबाहेरच थांबवतात, त्यामुळे तिथून मंदिर परिसरापर्यंत चालत जायला आम्हाला पाऊण तास लागला, आणि तोही धावत्या दिंड्यांच्या मधून वाट काढत.

तरीही दरापेक्षा मला अधिक टोचते ते हे की ती खोली आम्ही वापरलीच नाही. शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो आणि रविवारी सकाळी नऊच्या पुढे बाहेर आलो. सतरा तास. ज्याला पायांवर डोके ठेवायचे आहे, त्याची दशमीची रात्र रांगेतच जाते. ज्याला ते नको आहे, तो दर्शन उरकून संध्याकाळच्या गाडीने परतू शकतो. खोली दोघांच्याही उपयोगाची नाही.

आता या रांगेविषयी सविस्तर लिहितो, कारण "पाच-सहा तास लागतात" असे आम्हाला दोन अनुभवी माणसांनी सांगितले होते आणि दोघेही आषाढ-कार्तिक सोडून इतर महिन्यांत जाणारे निघाले. रांग मंदिरापाशी सुरू होत नाही. ती गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडमध्ये सुरू होते, तिथून वळणे घेत दर्शन मंडपाच्या मजल्यांवर चढते, उतरते आणि मग मंदिरात शिरते. चालण्याचा, जिना चढण्याचा किंवा कळस दिसण्याचा भाग मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते पत्राशेड. लोखंडी नळ्यांच्या दोन कठड्यांमध्ये जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी जागा, वर पावसाचा ताशा वाजवणारे पत्रे, खाली शेकडो पायांनी आणलेला चिखल, आणि पुढचा माणूस सरकला की झोपेतूनही उठून दोन पावले टाकावी लागतात. पहाटे शासकीय महापूजेच्या सुमारास आमची रांग इतका वेळ एकाच जागी थांबली की मावशीने पिशवी खाली ठेवली, तिच्यावर बसली आणि "आता विठोबालाच इकडे यायला सांग" असे म्हणाली. पूजेला हरकत नाही. ती वेळ सर्वांना ठाऊक असते. हरकत आहे ती रांग न सरकण्याचे कारण रांगेतल्या माणसाला कोणीच सांगत नाही, याला.

याच टप्प्यावर एक गृहस्थ कठड्यापलीकडून "माणशी पाचशे, थेट मंडपात" असे हळूच सांगत फिरत होते. आमच्या पुढच्या चौघांनी पैसे दिले आणि अर्ध्या तासाने ते दुसऱ्या वळणावर पोलिसांशी हुज्जत घालताना दिसले. कोणालाही पैसे देऊ नयेत, एवढेच सांगतो.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. चपला कोठेही सोडू नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठीवर बांधाव्यात, कारण बाहेर पडण्याची जागा आत शिरण्याच्या जागेपासून बरीच दूर असते. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेर पडल्यावर भेटण्याची जागा आधीच ठरवावी आणि ती नामदेव पायरी मुळीच नसावी, कारण सगळ्या महाराष्ट्राने तीच ठरवलेली असते. स्वच्छतागृहात जाताना मागच्या-पुढच्या माउलींना आपला चेहरा नीट दाखवून जावे. खायला काहीही बरोबर घेऊ नये. रांगेत पाणी, चहा आणि साबुदाण्याची खिचडी स्वयंसेवक सतत फिरवतात. मी बारा तासांत चार वेळा खिचडी आणि सहा केळी खाल्ली, आणि त्यापुढचे दोन दिवस साबुदाण्याचे नाव काढवत नव्हते. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, त्यांनी राजगिऱ्याचे लाडू जवळ ठेवावेत.

गाभाऱ्यात मिळतात ते दोन सेकंद. समोर विटेवरचे पाय, त्यांवर तुळशीची ओली पाने चिकटलेली, आणि आपण वाकतो न वाकतो तोच मागून एक सराईत हात मान धरून आपल्याला पुढे करतो. कपाळाला दगडाचा गारवा लागला, एवढेच मला आठवते. मान वर करून चेहरा पाहायचा राहून गेला. यात्राकाळात मंदिर चोवीस तास उघडे असते, देवाचा पलंग काढून ठेवतात, आणि उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड देतात. सतरा तास उभे राहिल्यावर तो लोड पाहायला मला फार आवडले असते. मावशीने तो पाहिला. तिला मानेवरचा हात लागलाच नाही, असे ती म्हणते.

माझा निवाडा असा : साठीच्या पुढच्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा लहान मूल बरोबर असणाऱ्या कोणीही आषाढीला पदस्पर्शाच्या रांगेत उभे राहू नये. मुखदर्शनाची, म्हणजे लांबून चेहरा पाहण्याची, रांग वेगळी असते आणि तुलनेने फार लहान असते. पायांवर डोके ठेवायचेच असेल, तर पौर्णिमेला गोपाळपुरात काला होऊन पालख्या परत फिरल्यावर यावे.

राहण्याविषयी. रविवारी दुपारी आम्ही त्या प्लायवूडच्या खोलीतून सामान उचलले (उरलेल्या रात्रीचे पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत) आणि रांगेत ओळख झालेल्या परभणीकडच्या एका दिंडीबरोबर एका जुन्या मठात गेलो. फरशीवर सतरंजी, कोपऱ्यात वीणा, एक पंखा आणि चाळीस माणसे. देणगी म्हणून माणशी शंभर रुपये आम्ही होऊन दिले. तिथे एक म्हातारी पदराची गाठ दातांनी सोडवत होती. गाठीत परतीच्या भाड्याची एक नोट आणि बुक्क्याची पुडी होती. अठरा दिवस चालत आलेली ही बाई मंदिरात गेलीच नव्हती. मी कारण विचारले तेव्हा तिने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. "कळस दिसला की झालं, माउली. आत त्याला कशाला तरास द्यायचा?"

मात्र मठ रिकामे असतात असे समजून कोणी जाऊ नये. बहुतेक मठ आणि फड आपापल्या दिंड्यांसाठी असतात, ओळखीशिवाय जागा मिळत नाही. मंदिर समितीचे भक्तनिवास आणि शेगावच्या गजानन महाराज संस्थानचा भक्तनिवास हे स्वच्छ आणि रास्त पर्याय आहेत, पण ते इतर महिन्यांसाठी. आषाढीत त्यांच्या भरवशावर निघू नये. खरी सोय आहे ती नदीपलीकडच्या '६५ एकर' या मैदानात. तिथे प्रशासन दिंड्यांना तंबूसाठी भूखंड देते, पाणी आणि शौचालये असतात. ओळखीच्या दिंडीत आधी नाव घालून तिच्याबरोबर तिथे उतरावे. स्वतःचे मेणकापड आणि अंथरूण आणणे आवश्यक. उजनी धरणातून नदीत पाणी सोडलेले असेल तर जुन्या दगडी पुलाचा मार्ग गृहीत धरू नये.

मावशीच्या आग्रहाने द्वादशीला सकाळी आम्ही तनपुरे महाराज मठात गेलो. मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये येथेच उपोषण केले होते. ज्या रांगेला मी रात्रभर शिव्या घातल्या, तिच्यात उभे राहण्याचाही हक्क कोणाला मिळवावा लागला होता, हे तिथे उभे असताना चांगलेच जाणवले. गाडगेबाबांची धर्मशाळाही बाहेरून पाहिली. दानधर्म करायचा असेल तर एकादशीला रस्त्यावर केळी वाटू नयेत. त्या दिवशी गावात सालींवरून घसरून पडणारी माणसे मी स्वतः मोजली आहेत. प्रार्थना समाजाने एकोणिसाव्या शतकात सुरू केलेला बालकाश्रम आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी काम करणारी 'पालवी' याच गावात आहेत. त्यांना वर्षाचे बाराही महिने धान्य लागते, फक्त काय हवे ते आधी विचारून न्यावे.

परतीसाठी एसटी महामंडळ गावाबाहेर तात्पुरती बसस्थानके उभारते आणि कोणत्या जिल्ह्याची गाडी कोठून सुटणार हे ठरलेले असते. ते येतानाच विचारून ठेवावे. आम्ही पाठीवर ओझे घेऊन चुकीच्या स्थानकापर्यंत तीन किलोमीटर चाललो आणि तेवढेच परत आलो. महिलांना निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढील सर्वांना प्रवास मोफत आहे, आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावे.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला, शनिवारी आहे. मावशीने त्या परभणीच्या दिंडीत वाखरीपासून (पंढरपूरच्या अलीकडचा पालख्यांचा शेवटचा मुक्काम) पुढे चालण्यासाठी आपले नाव आताच सांगून ठेवले आहे. माझे नाव घातले का, असे विचारले, तर म्हणाली, "तुला खोली लागते ना."