वहिनीच्या माहेरचा शोध: हेरफर्डशायर ते लिव्हरपूल

माझी वहिनी अमेरिकेतल्या युटाची, मॉर्मन घरातली. मॉर्मन हा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत निघालेला ख्रिस्ती पंथ, आणि इंग्लंडमध्ये तो स्वीकारलेली बरीच माणसं तेव्हा जहाजाने निघून युटाला गेली. तिच्या खापरपणजीची आई एकोणिसाव्या वर्षी एकटीच इंग्लंडमधून जहाजात चढली, एवढंच त्यांच्या घरात सांगतात. ती कुठून निघाली ते बघायला दादा, वहिनी आणि मी गेल्या वर्षी पाच दिवस फिरलो. तसंच कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका आधी वाचा.

पहिली चूक म्हणजे आम्ही थेट लिव्हरपूल गाठलं. जहाज तिथूनच सुटलं, तर तिथेच काहीतरी असणार असं वाटलं. पण अल्बर्ट डॉकला आता हॉटेलं आणि कॉफीची दुकानं आहेत, आणि स्थलांतरितांची जहाजं तर बरीचशी उत्तरेच्या गोद्यांमधून सुटत. मॅरिटाइम म्युझियम जानेवारी २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे. धक्क्यावर मॉर्मन चर्चने २००१ मध्ये दिलेला एका स्थलांतरित कुटुंबाचा पुतळा आहे, तो बघा. मागच्या बाजूला एक मूल खेकड्याशी खेळतंय. आईबाप समोर बघताहेत, त्याला मात्र काही पडलेली नाही. वहिनी पुतळ्याला वळसा घालून त्या पोराजवळच उभी राहिली. तरी लिव्हरपूलला अर्धा दिवस पुरे.

खरं काम निघण्याआधी घरी बसूनच होतं. ब्रिगम यंग विद्यापीठाचं 'सेंट्स बाय सी' नावाचं संकेतस्थळ आहे. १८४० ते १८९० मधल्या मॉर्मन प्रवाशांच्या याद्या त्यावर फुकट शोधता येतात, आणि त्याच जहाजावरच्या लोकांच्या डायऱ्या आणि पत्रंही मिळतात. आपल्या माणसाने एक ओळ लिहिली नसली तरी शेजारच्या फळीवर झोपणाऱ्याने लिहिलेली असते. आडनाव दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा. आमचं तिसऱ्या स्पेलिंगला सापडलं, आणि वय एक वर्षाने चुकलेलं. या याद्या इतक्या नीट का, तर जागा मिळवायची म्हणजे चर्चच्या लिव्हरपूलच्या कचेरीत नाव, वय, धंदा कळवून माणशी एक पौंड अनामत भरावी लागे. तिच्या नावापुढे धंदा होता मोलकरीण. तो पौंड तिने किती महिने साठवला असेल, याचा हिशेब दादा गाडीत मांडत बसला. जमला नाही.

जहाजाचं नाव 'एलन मारिया'. १८५१ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून सुटलं आणि एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सला लागलं. पुढे आगबोटीने मिसिसिपी नदीतून वर, मग बैलगाड्या. तुमचं माणूस १८५५ नंतर निघालं असेल तर न्यू ऑर्लिन्सच्या याद्यांत वेळ घालवू नका. नदीवरच्या रोगराईमुळे तो मार्ग सोडला आणि जहाजं न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फियाला जाऊ लागली.

'एलन मारिया'वरच्या मॉर्मनांचा म्होरक्या होता जॉर्ज वॉट, आणि त्याच्यासाठी आम्ही प्रेस्टनला उतरलो. ३० जुलै १८३७ ला तिथे रिबल नदीत इंग्लंडमधले पहिले नऊ मॉर्मन बाप्तिस्मे झाले. पहिला मान कुणाचा, यावर दोघांनी नदीपर्यंत शर्यत लावली आणि वॉट जिंकला. पुढे त्याने लघुलिपीत मॉर्मनांचा पुढारी ब्रिगम यंग याची प्रवचनं टिपून ठेवली. नदीकाठी अॅव्हेनहॅम पार्क आहे. आम्ही तिथे सँडविच खाल्ली, पाऊस आला, निघालो.

मन रमलं ते हेरफर्डशायरमध्ये. लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने लेडबरी, तिथून भाड्याची गाडी. बसच्या भरवशावर राहू नका. कॅसल फ्रोमजवळ जॉन बेनबो नावाच्या सधन शेतकऱ्याच्या हिल फार्मवर एक तळं आहे. मार्च १८४० मध्ये विल्फर्ड वुड्रफ या अमेरिकेहून आलेल्या मॉर्मन प्रचारकाने ते साफ केलं आणि तिथे बाप्तिस्मे द्यायला सुरुवात केली. त्याला पकडायला आलेल्या शिपायानेच बाप्तिस्मा घेतला, असं वुड्रफने लिहून ठेवलंय. 'युनायटेड ब्रदरेन' नावाच्या तिथल्या पंथाची सहाशे माणसं, एक सोडून सगळी, त्याच्या मागे गेली. मला कुतूहल त्या एकाचंच. वहिनीची माणसं या सहाशेतली. तळं एवढंसं, कोकणातल्या एखाद्या देवळाच्या तळीपेक्षा लहान. आसपास खासगी शेतं आहेत, तेव्हा पाट्या वाचूनच पाऊल टाका, आणि जाडजूड बूट न्या. माझ्या चपला चिखलात रुतल्या आणि त्या काढताना दादाही घसरला. वहिनी काठावर बसून होती. बराच वेळ झाला तरी तिला उठवायचं आमच्या जिवावर आलं.

दक्षिणेला त्याच पंथाचं, गॅडफील्ड एल्मचं १८३६ चं दगडी चॅपल आहे. आत लाकडी बाकं आणि शांतता. उघडं असतं का ते आधी विचारून जा. तिथले स्वयंसेवक मनापासून माहिती देतात, धर्मांतराचा आग्रह आम्हाला तरी कुणी केला नाही. बोलताना 'मॉर्मन' न म्हणता 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं चर्चचं पूर्ण नाव घेतलं की त्यांना बरं वाटतं.

तिथेच दादाला कळलं की ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यालाही जाऊन राहिला होता. मग स्वारी आपल्याच घराण्याचा शोध घ्यायला निघाली. मॉर्मनांच्याच 'फॅमिलीसर्च' या वंशावळींच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रती आहेत. खातं फुकट. आमच्या आजोबांची नोंद मात्र त्र्यंबकेश्वरला, उपाध्यायांच्या माडीवरच्या वहीत. दिवाळीत जायचं ठरलंय, आणि वहिनीने आत्ताच विचारून ठेवलंय, सुनांची नावं लिहितात का.